चाळीस फूट निळी वायर

तौसिफनं ती बनवली, पार्क चौकामागच्या दुकानात बसून,
आठ तारा दातांनी सोलून,
एका टोकाला जिथं हिरवी, दुसऱ्या टोकाला तिथं नारिंगी.
"सरळ लावली तर दोन्ही डबे नुसते बघत बसतात एकमेकांकडं," म्हणाला,
"बोलत नाहीत. उलटी लावायची बे."

डबा एक वेणूचा, भिशी फुटली तेव्हा घेतलेला.
एक मल्लिनाथनं मावसभावाकडून आणलेला दीड हजारात,
झाकण रबरबँडनं धरलेलं.
एक टीव्ही वेणूच्या खोलीत,
दुसरा भिंतीपलीकडं मागांच्या शेडमध्ये, सुताच्या बाचक्यांवर.
वायर मधल्या भोकातून,
जिथून एरवी मांजर यायचं-जायचं.

नीलमनगर, मे महिना, रात्रीचे अकरा.
पत्र्यावर अजून दुपारच होती.

अल्याड मी आणि वेणू, पल्याड ते दोघं.
शिवी आधी भिंतीतून यायची,
मग आरशात दिसायची मागून येणारी गाडी.
शेजारच्या शेडात रात्रपाळी लागली की व्होल्टेज पडायचं,
पडदा कडेनं आक्रसायचा,
आणि त्या चिंचोळ्या उरलेल्या रस्त्यावर
आम्ही चौघं दोनशेच्या वेगानं,
मांडी न मोडता.
(खरी गाडी चौघांत एक, मल्लिनाथची लुना.
तिचा मागचा ब्रेक लागत नसे.)

एका रात्री वेणूचे वडील आले, राजेशम येमूल.
त्यांचे माग तीन आठवडे बंद होते, झोपही तशीच.
वायर उचलून त्यांनी चिमटीत धरली,
सूत धरतात तशी.
"आत किती धागे?"
"आठ."
"आठच? माझ्या ताण्यात चोवीसशे. एक तुटला तरी झोपेत कळतं मला."
भिंतीपलीकडून तौसिफ ओरडला,
"ह्यातला एक तुटला ना काका, तर इकडचा माणूसच गायब होतो!"

ते बसले. बघत राहिले. तीन फेऱ्या.
"एवढं पळून पोचता कुठं?"
"कुठं नाही, नायना. निघालो तिथंच."
त्यावर ते तेलुगूत काहीतरी बोलले,
वेणू हसला, मला सांगितलं नाही.
मग माझ्या हातातला रिमोट त्यांनी मागून घेतला,
गाडी सावकाश वळवली
आणि आलो होतो त्या दिशेनं निघाले.

पडद्यावर लाल अक्षरं लुकलुकायला लागली.
"काका, उलटं चाललाय!"
"धोटा जातो तसा येतो पण," ते म्हणाले,
"नुसतं जातच राहायचं, ही कुठली रीत?"
तीस वर्षं जाणं-येणं बघितलेला माणूस,
अंगठा अगदी शांत.
समोरून बोगद्याच्या तोंडाशी
पहिल्या नंबरवरचा तौसिफ.

पलीकडून जी बोंब उठली
तिनं शेजारची रात्रपाळी दारात आली.
येमूलकाकांनी रिमोट माझ्या मांडीवर ठेवला,
विचारलं,
"कोण होतं?"

आता मल्लिनाथ लातूरला, तौसिफ चाकणला.
महिन्या-दोन महिन्यांनी जमतो नेटवर.
पुढची गाडी झटके खाते, विरते,
वळणापलीकडं उगवते एकदम,
आणि शिवी येते दोन सेकंदांनी,
राग निवल्यावर.
पूर्वी ती चाळीस फुटांवरून यायची,
कधीकधी हवाई चप्पल घेऊन.

शेड आता बिस्किटवाल्या एजन्सीचं गोदाम.
वायर वेणूच्या अंगणात, जांभळापासून खिडकीच्या गजापर्यंत,
आई तिच्यावर टॉवेल वाळत घालते.
निळा रंग उन्हानं राखेसारखा झालाय.
परवा गेलो तेव्हा गजाशी लोंबणारं टोक हातात घेतलं.
क्लिप मोडलेली. नारिंगी मात्र अजून नारिंगी.

कानाला लावलं नाही.
लावणार होतो,
तेवढ्यात वेणू चहा घेऊन आला.