दोन मैल

दर एप्रिलात, मेंढ्या व्याल्या की
मी शेडमधून हिरव्या रंगाचा डबा काढते.
वरची साय चाकूनं कापते, काठीनं ढवळते,
आणि चर्चच्या फाटकापाशी पोतं टाकून गुडघ्यांवर बसते.
‘जुना बुरूज, २ मैल.’
अक्षरं माझ्या भावाची.
मी फक्त त्यांच्यावरून ब्रश फिरवते,
पाटी गिरवणाऱ्या पोरासारखी.

दोन नाहीत ते.
अखनड्रॉखमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे,
तीन आहेत, वर थोडे,
आणि दलदलीला वळसा घातलात तर विचारूच नका.
टॉरमॉडनं ते सायकलच्या चाकानं मोजले,
चाकाला लाल चिंधी बांधून, फेरे पुटपुटत.
ओढ्यापाशी बेथागचा कुत्रा आडवा आला,
(का बेथागच)
आणि आकडा गेला.
पुन्हा खाली कोण जातंय?
घरी येऊन म्हणाला, दोन लिहू. लिहायला सोपं.

पाहुणे येतात. कोरे बूट, गळ्यात नकाशा.
पहिल्या मैलात शीळ घालतात,
दुसऱ्यात चिलटं मारतात,
मग नुसते चालतात.
भिंत ओलांडायच्या लाकडी पायरीपाशी
एक उभा दगड आहे, खांद्याएवढा.
त्यावर कुणी कोरलाय मासा, एक आरसा
आणि एक जनावर, ज्याला नाव नाही.
माशाची शेपटी पावसानं नेली.
शाळेत जाताना आम्ही दोघं
त्या आरशात बघून केस नीट करायचो.
टॉरमॉड म्हणायचा, तुझा भांग वाकडा आहे.
असायचाच.

वर पोचल्यावर अर्धाच बुरूज.
बाकीचा कुठे गेला, विचारतात,
माझ्या चुलीच्या कट्ट्यावर कप ठेवून.
मी कपाखालचा दगड फडक्यानं पुसते.
बेथागच्या गोठ्याचा उंबरा,
पुलाची डावी बाजू,
पाद्रीबाबाच्या बागेतला बाक,
आणि टॉरमॉडच्या उशाशी आहे तो.
तो ट्रॅक्टरवरून आला, नोव्हेंबरातल्या एका रात्री.
गावात कुणी काही पाहिलेलं नाही.

गेल्या साली इन्व्हरनेसहून काउन्सिलचा पोरगा आला,
लॅकलन. हातात यंत्र. उपग्रह मोजतात म्हणाला.
मोजोत बापडे.
संध्याकाळी परतला तो मांड्यांपर्यंत काळा,
एक बूट चिखलाला देऊन.
मी त्याचे मोजे चुलीवर वाळत घातले.
तीन पूर्णांक एकतीस शतांश, तो म्हणाला,
इतकी वर्षं कुणी दुरुस्त कसं केलं नाही?
मी स्कोनला लोणी लावत राहिले.
कडेपर्यंत लावायला वेळ लागतो.

जूनमध्ये नवी पाटी आली. ॲल्युमिनियमची,
वर गेलिक, खाली इंग्रजी, आकडा बरोबर.
ती शेडमध्ये आहे, भिंतीला टेकलेली.
तिच्या आडोशाला ठिपकेवाली कोंबडी अंडी घालते.
लॅकलनचा फोन येतो.
मी म्हणते, स्क्रू आले नाहीत अजून.
तो म्हणतो, बरं.
मग विचारतो, दलदल कशी आहे?
बूट सापडला का?

उतरणारे लोक चिडलेले असतात.
बाई, तुमचे मैल फार लांब आहेत.
आहेतच.
मागच्या रविवारी एक म्हातारा, माझ्याच वयाचा,
फाटकाला धरून धापा टाकत म्हणाला,
तीन लिहिलं असतंत तर मी गेलोच नसतो.
त्याच्या टोपीत हेदरची काडी होती,
आणि तो हसत होता
की दम खात होता, कळलं नाही.

यंदा २ गिरवताना हात थरथरला.
आकड्याची शेपटी पार पाटीच्या कडेपर्यंत गेली.
फडकं हातात होतं.
पुसली नाही.
त्या माशाची कुठेतरी असायलाच हवी होती.