बेचाळीस फेरे

अर्जात लिहिलं होतं : बी. ए., भूगोल.
हातात पडली एक लोखंडी चावी,
इंग्रजी टीसारखी, माझ्या खांद्याला लागणारी,
आणि एक सायकल, महापालिकेहून जुनी असावी अशी.
कागदावर पदाचं नाव लांबलचक.
गल्लीत एकच : चावीवाला.

सासऱ्यांनी लग्नात पाहुण्यांना सांगितलं,
"पाणीपुरवठ्यात आहेत."
पाणीपुरवठ्यात नेमके कुठे, ते नाही सांगितलं.
मीही नाही.

पाचव्या दिवशी पाणी, तेही रात्री अडीचला.
अशोक चौकामागच्या बोळात झाकण उचलायचं.
आत झुरळं, गाळ,
एकदा लहान मुलाची एक चप्पल.
गुडघे टेकायचे, चावी बसवायची, फिरवायची.
बेचाळीस फेरे.
चाळिसाला सोडलं तर चढावरच्या घरांना थेंब नाही,
पंचेचाळीस केले तर खालच्या वस्तीतला जुना जोड सुटतो.
हे कुठे लिहिलेलं नाही.
इरण्णा हत्तुरेंनी सांगितलं, निवृत्तीच्या आदल्या रात्री,
एक सळई माझ्याकडे देत, तंबाखू मळत,
"आणि नुसतं मोजू नको बे. ऐक."

वाटलं, म्हातारा जाता जाता
काहीतरी बोलायचं म्हणून बोलतोय.

वर्षभर मी मोजतच होतो.
पाण्याला उशीर झाला की चार भाषांत
माझ्या आईचा उद्धार.
बदलीचा अर्ज खिशात, मे महिन्याच्या घामाने
घडीवर फाटलेला.

मग एका रात्री लाइट गेली, माग थांबले.
माग थांबल्यावर हे गाव किती खोल आहे
ते रात्रपाळीवाल्यालाच कळतं.
आकडा चुकला. एकोणतीस झाले की एकतीस?
सळईचं एक टोक पाइपावर टेकवलं, दुसरं कानाला.
खाली आधी हवा पळाली,
खोकली, शिट्टी मारली,
मग मागून काहीतरी जड, सावकाश सरकत आलं.

आणि वर कुठल्याशा मोरीत
उपडा हंडा सुलटा झाला.
चिलवेरींच्या माडीवरून, "नीळ्ळु वच्चिनै!"
समोरून यल्लव्वा, "नीर बंतु!"
विड्या वळणाऱ्या मैमूनआपा, "पानी आया रे!"
आणि टोकाच्या खोलीतून, अर्धवट झोपेत,
एका पोराचं, "आई, पाणी."

पाण्याच्या पुढे चार भाषा धावत होत्या.
त्याच, ज्यांच्यातून मला शिव्या येत.
मी अंधारात उभा. कुणी मला पाहिलं नाही.
बरं झालं, चेहऱ्याचं काय करावं ते सुचत नव्हतं.

आता सळईशिवायही बरंच ऐकू येतं.
पितळेची कळशी, प्लास्टिकचं पिंप,
कोण घाईत, कोण भांडून उठलेलं.
एकदा गुंडेटींचा नळ नुसताच वाहत राहिला.
दार लोटलं. म्हातारी तापाने फणफणलेली.
दोन घागरी भरल्या, तोटी बंद केली,
शेजारच्यांना उठवलं. एवढंच.

बदलीचा अर्ज कपड्यांबरोबर धुतला गेला.
नवा लिहायचा राहिला, असं बायकोला सांगितलंय.

बंद करतानाही बेचाळीसच.
तेव्हा कुठल्याच भाषेत कुणी ओरडत नाही.
पण कुठूनतरी रिकाम्या बादलीचं कान खटकतं,
कुणाची तरी एक राहिलेली असते.
मी एक्केचाळीसाला थांबतो,
खिशातून चंची काढतो,
आणि तंबाखू
जरा जास्तच वेळ मळतो.