पूर्ण गोल

वरच्या दोन भोकांना जिग असतो,
बोट धरून नेतो.
खालच्या दोघांना कोणी नाही.
सव्वा फूट हाडाच्या आत, रॉडच्या शेवटाला
ती नेमकी कुठे आहेत
हे फक्त माझ्या सी-आर्मला दिसतं,
तेही मी नीट फिरवला तर.

पारोळ्याच्या हायवेवरचं सोळा खाटांचं हॉस्पिटल.
मे महिना. एसी आहे, पण इन्व्हर्टरवर तो चालत नाही,
आणि लाइट गेलीय.
अंगावर शिशाचा एप्रन,
आतला हिरवा कुर्ता पाठीला चिकटलेला.

टेबलवर हिलाल मिस्तरी, बहादरपूरचा.
विहिरीतून मोटर काढताना चेन सुटली,
नडगी मोडली, खालच्या अंगाला, तिरकी.
कमरेत सुई दिलीय. पाय झोपलाय, माणूस जागा आहे.
हिरव्या पडद्यापलीकडून सगळं ऐकतोय:
गुडघ्याखाली आर फिरली ते,
रीमरने आठ, साडेआठ, नऊ, दहा करत हाड कोरलं ते,
नऊचा रॉड हातोडीखाली उतरत गेला ते.
मध्येच विचारलं, "हाऊ मनाच पाय शे ना?"
वळवी सिस्टर म्हणाल्या, "तुमचाच."

आधी खालचं कुलूप.
भदाणे सरांनी गुडघ्याची वाटी आणि अंगठ्याजवळचं बोट
दुसऱ्या पायाशी पुन्हा ताडून पाहिलं.
एकदा स्क्रू बसले
की पाऊल जिकडे, माणूस तिकडे,
जन्मभर.

"शॉट."
मॉनिटरवर भोक नाही, नुसती चीर.
"तुझ्याकडे. अजून.
जास्त झालं. निम्मं परत."
आता लांबट, सोललेल्या शेंगदाण्याएवढं.
रॉडची अलीकडची भिंत, पलीकडची भिंत,
दोघींची वर्तुळं एकमेकींना कापतात;
मध्ये उजेड उरेल तेवढाच आपला.
मी ब्रेक सोडते, केसभर खाली घेते.
"शॉट."

गोल.
पांढरा, पूर्ण.
सर काही बोलत नाहीत. माझ्या कामात शाबासकी म्हणजे
पुढची सूचना न येणं.

मग ड्रिल. बिटचं टोक गोलाच्या मध्यावर,
मूठ उचलून किरणाच्या रेषेत उभी.
घुर्र.
घसरली.
नडगीची आतली बाजू म्हणजे घसरगुंडीच.
पुन्हा मध्य, पुन्हा शॉट,
पुन्हा घसरली.
एप्रनला लावलेला बॅज गुपचूप मोजत असतो.

पडद्यापलीकडून, अगदी शांतपणे:
"सर, पयले पंच मारा ना.
गोल पाईपवर बिट फिसली जास."

कोणी हललं नाही.
भूलतज्ज्ञ मॅडमनी मोबाइलमधून मान वर केली.
सरांनी ड्रिल ट्रेमध्ये ठेवला,
टोकदार पिन घेतली, छोटी हातोडी,
आणि गोलाच्या ऐन मध्यावर
टक्. टक्.
दादरच्या दाण्याएवढा खळगा.

बिट बसली.
आवाज आधी कठीण, मग पोकळ
(रॉडच्या भोकातून, कुठेही न लागता),
मग पुन्हा कठीण, मग एकदम हलका.
"निंघनी पार," हिलाल म्हणाला.
सरांचा हात त्याच क्षणी थांबला होता.

बत्तीसचा स्क्रू. त्याच्या वर चौतीसचा.
मग रॉड उलट्या हातोडीने हळूच मागे ओढला,
तुटलेली टोकं एकमेकांना टेकली.
वरचे दोन जिगने, दहा मिनिटांत;
त्यात सांगण्यासारखं काही नाही.

सहाव्या आठवड्यात वॉकर घेऊन आला.
फिल्म खिडकीच्या उजेडात धरली.
कडेने नवं हाड धुक्यासारखं जमू लागलं होतं,
ते त्याने पाहिलंच नाही.
वरून चौथ्या स्क्रूवर नख ठेवलं:
"हाऊ दोन आटा लंबा शे."

होता.
मला त्याच दिवशी दिसला होता,
शेवटच्या शॉटमध्ये.
मी बोलले नव्हते.