इंग्रजी आठ

गोठिवलीत, मसाल्याच्या गिरणीवर माझी खोली.
भिंतींना गाद्या, दाराला दोन गोधड्या खिळे ठोकून.
गिरणी एक ते तीन बंद,
म्हणून रेकॉर्डिंग एक ते तीन.

माइक हप्त्यांवर घेतलाय, अजून पाच बाकी.
बुटांच्या खोक्यांतल्या सिलिकाच्या पुड्या जमवून
त्यांच्यासोबत डब्यात झोपवतो,
कारण खाडीची हवा आत शिरली
की तो तापल्या तेलात थेंब पडावा तसा तडतडतो.
स्टेजवरचा माइक वेगळा. तो आपटा, हाणा, पुन्हा उभा.
ह्याच्या आत सोन्याचा वर्ख दिलेला पडदा,
त्यामागे चकती,
आणि मधे हवा, केसाच्या जाडीहून कमी.
बाहेरून अठ्ठेचाळीस व्होल्ट दिल्याशिवाय तो जागा होत नाही.
फँटम पॉवर.
पोशीबायला अर्थ सांगितला तर म्हणाली,
"भूत हाय व्हय यात?"
म्हटलं, आहे, पण पगारी.

तिने माइकच्या डोक्याशी तोंड नेलं.
सगळेच नेतात.
आजी, ह्याच्या डोक्याशी नाही, छातीशी बोलायचं.

हळदीला, मांडवाला, तांदळाचा चौक भरताना
चाळीस वर्षं हिने धवले गायले,
भोंगा नव्हता तेव्हाही शेवटच्या घरापर्यंत.
म्हणून आधी दहा डेसिबलचा लगाम घातला.
मग ऐंशी हर्ट्झखालचं कापलं,
ठाणे-बेलापूर रस्त्यावरचे कंटेनर गेले.
बांगड्या राहिल्या.
बांगड्यांना बटण नाही.

दुसऱ्या ओळीपाशी ती थांबली.
पुन्हा घेतलं. पुन्हा तिथेच.
हेडफोनमध्ये स्वच्छ ऐकू येत होतं:
अर्धाच घेतलेला श्वास,
टाळूवरून सुटलेली जीभ,
दारात उभं राहून कुणाला हाक मारू की नको, तसं काहीतरी.
"धवला एकटीचा नसतं," ती म्हणाली.
"मी टाकतंव, ती उचलतंय."

ती म्हणजे बामीबाय. जाऊ. चार घरं पलीकडे.
साडेबारा टक्क्यांच्या भूखंडावरून
अकरा वर्षं दोघींत शब्द नाही.

बामीबाय कशी आली ते सांगत नाही.
थोडं खोटं, आणि माझ्या आईची शपथ, इतकं पुरे.
दोघींसोबत एकेक मुलगा आला,
प्लास्टिकच्या फायलीसकट, असू द्यावी म्हणून.

माइकच्या पोटावर एक खटका आहे.
बदामावर ठेवला तर समोरचं ऐकतो, पाठ बहिरी.
गोलावर ठेवला तर चहूकडचं.
आणि आठावर
पुढचं ऐकतो, पाठीमागचं तितकंच,
दोन्ही कुशी ठार बहिऱ्या.

मी आठ केला.
पोशीबाय इकडे, बामीबाय तिकडे.
मुलगे कुशींना.

दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या,
माइककडे बघत होत्या.
ते एकच झालं, हे मी बोललो नाही.

पोशीबायने पहिली ओळ टाकली.
मग तोच अर्धा श्वास.
मीटरचा काटा पडून राहिला.
पलीकडून आधी खाकरणं आलं,
मग दुसरी ओळ, एक सूर खाली, कडांना फाटलेली.
पोशीबाय न थांबता तिसरीला खाली उतरली.

मधेच एका मुलाचा फोन थरथरला,
दुसरा सातबाऱ्याविषयी काही पुटपुटला.
ते आलं नाही.
अगदीच नाही असंही नाही;
भिंतीवरून उलटून थोडं येतंच,
गाद्या कमी पडल्या.

दोन धवल्यांच्या मधे चार सेकंद आहेत:
"पट्टी अजून पन वरच धरतंस."
"तू लावायची व्हतीस खाली."
नातीच्या लग्नासाठी ज्यांनी काम दिलं
ते म्हणतात, हे कापा.
वेगळी फाइल करून ठेवलंय.

तीनला गिरणी सुरू झाली. मिरची होती.
सगळे शिंकले, चारी बाजूंनी.
बामीबाय आधी उतरली, पोशीबाय
पदर नीट करत उगाच मागे राहिली.

फाइलला नाव देताना पॅटर्नही लिहितो, सवय आहे.
मराठीत ८ लिहिला आणि बघत बसलो.
इंग्रजीसारखा तो मिटत नाही.
खाली उघडाच.