सही जुळत नाही

ऐरोलीत सहाव्या मजल्यावर, रात्री पावणेदोनला
तन्वीर काझी तेविसाव्यांदा तीच विनंती पाठवतो
आणि तेविसाव्यांदा पलीकडून येतं:
चारशे एक. सही जुळत नाही.

खुर्ची ओढ, म्हटलं. वाच,
कशाकशावर सही केलीस.
तो वाचतो: पद्धत, पत्ता, वेळ,
एकदाच वापरून मोडायचा एक आकडा,
मजकुराचा अर्क.
या सगळ्यावरून किल्ली फिरवल्यावर उरलेली
चौसष्ट अक्षरं.

आणि किल्ली?
ती पाठवली नाही.
बरं केलंस. ती खाडी ओलांडत नाही कधी.
एक आपल्याकडे, एक त्यांच्याकडे,
दोघी एकमेकींना न भेटता तेच गणित सोडवतात
आणि उत्तर एक आलं, की ओळख पटते.
एवढंच.

घड्याळ पाहिलं. दोन सेकंदांचा फरक,
पाच मिनिटांपर्यंत चालतो.
पत्ता पाहिला, तिरक्या रेघेसकट.
साडेतीनला कँटीनच्या यंत्रातला चहा
दुसऱ्यांदा थंड झाला
तेव्हा सापडली:
मजकुराच्या शेवटी एक कोरी ओळ,
सही करताना होती, पाठवताना गळाली.

काहीच नव्हतं हो तिच्यात, तन्वीर म्हणाला.
म्हटलं, नसलेल्यावरही सही होते.

*

दहा वाजता नौपाड्यात, बँकेत.
न झोपलेली मी, आणि इस्त्रीचा शर्ट घातलेले बाबा.
हातात परत आलेला चेक,
गळक्या टाकीसाठी प्लंबरला दिलेला, अकरा हजार चारशेचा.
टाचणीने लावलेल्या चिठ्ठीवर
सहा कारणं छापलेली, त्यातल्या चौथ्यापुढे खूण.
कुठलं कारण ते मला वाचावं लागलं नाही.

हरेश्वर वैती, वागळे इस्टेटमध्ये चौतीस वर्षं तपासनीस.
मायक्रोमीटरमध्ये बुश धरायचे, मग जॉब कार्डवर
'ह. वैती', खाली एक रेघ, रेघेखाली दोन टिंबं.
ती टिंबं नसतील तर माल गेटबाहेर जात नसे.
आता टिंबं रेघेवर चढतात,
रेघ थरथरत कागदाच्या कडेला जाते.
घरी जुन्या कॅलेंडरच्या पाठी
मार्चपासून जूनपर्यंत सह्याच सह्या.
मी पाहिलं, हे त्यांना कळू दिलं नाही.

गंमत बघा:
त्यांची सही दरवेळी तीच यायला हवी.
माझी दरवेळी नवी.
माझी तीच परत आली, तर समजायचं
वाटेत कुणीतरी उचलली.

कर्णिकबाईंनी सत्त्याऐंशी सालचं कार्ड काढलं.
चेक शेजारी ठेवला.
आमच्याकडे नियम आहे:
पहिलं अक्षर चुकलं म्हणून तिथेच थांबायचं नाही,
शेवटपर्यंत तपासायचं, मगच नाही म्हणायचं.
नकाराच्या घाईवरून चोराला कळतं
तो कुठपर्यंत बरोबर होता.
बाईंना हा नियम कुणी शिकवला नसावा.
तरी त्या 'ह'पासून दुसऱ्या टिंबापर्यंत गेल्या,
सावकाश, बोट न टेकवता.

अंगठा घेऊ का, काका? सोपं पडेल.
बाबांनी हात मागे घेतला.
मी सही करणारा माणूस आहे.

मग नवीन कार्ड. तीन चौकटी.
आता जशी येते तशी करा.
पहिली, दुसरी. पेन पुसलं. तिसरी.
एकही दुसरीसारखी नाही.
तिसरीला टिंब एकच.
बाईंनी कार्डाकडे नाही, बाबांकडे पाहिलं,
आणि खाली आपली सही ठोकली.

फोन थरथरला. तन्वीर: दोनशे आले!!
मी मोठ्याने वाचलं असावं.
दोनशे? बाबा म्हणाले. कुणाचे?
कुणाचे नाहीत. पलीकडच्याने ओळखलं, एवढंच.
मग सरळ तसं सांगायला काय होतं, म्हणाले,
आणि चेकबुक खिशात ठेवायला
त्यांना बराच वेळ लागला.