पान चौतीसवर, पेन्सिलीनं

डिचोलीच्या वाचनालयातून आणलेल्या रहस्यकथेत
पान चौतीसवर कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलंय:
खून डॉक्टरनं केलाय.
सही नाही, तारीख नाही.
‘ड’चं पोट तेवढं फुगलेलं,
आठवा महिना लागल्यासारखं.

मी म्हटलं, मेलो. दोन रात्रींची मजा गेली.

रात्रपाळीला औषधांच्या दुकानात असतो मी,
शटर अर्धं खाली,
खोकल्याच्या बाटल्यांच्या खोक्यांआड स्टूल.
तीस वर्षं डॉक्टरांचं अक्षर लावतोय,
हाही डॉक्टर लावूच, म्हणून वाचत गेलो.
आणि काय सांगू,
तो पेशंटची नाडी धरी, माझी सुटे.
तो विधवेला चहा देई,
मी ओरडे: पिऊ नको, बाई!
मांजराला थोपटलं तरी वाटे,
हा आता हाडं मोजतोय.
एकशे नव्वदाव्या पानावर
डॉक्टरच मेला. विहिरीत, पालथा.

इतका हसलो की समोरच्या एटीएमचा राखणदार पुंडलीक
काठी घेऊन धावत आला.

दुसरं पुस्तक किशोरांसाठीचं.
ग्रंथपाल केंकरेबाई म्हणाल्या, “भाचीसाठी ना?”
मी हो म्हटलं. मला भाची नाही.
औषध कंपनीच्या कॅलेंडरचं कव्हर घातलं:
बाहेर मधुमेहाची माहिती,
आत सोळा वर्षांची मुलगी,
जिला सगळं ठाऊक आहे
आणि जी आईला काहीच सांगत नाही.
शंभर पानं झाली. नाहीच सांगत.
चिडलो मी. अगं, स्वयंपाकघरात उभी आहे ती,
तांदूळ धुतेय, पाठमोरी,
एक वाक्य बोल, संपेल कादंबरी!

मग पुस्तक मिटून गल्ल्यावर ठेवलं.

ज्योकीम तारवटी व्हायला पळाला तेव्हा
मीही सोळाचाच.
त्याची आई, इनासिन, रोज तिन्हीसांजेला
आमच्या पायऱ्यांशी येऊन उभी राहायची.
“बाबा, तुका कितें खबर आसा?”
ना, म्हणायचो मी. डोळ्यांत बघून.
अठ्ठावीस दिवस.
मग मस्कतहून पत्र आलं,
ती पुन्हा आमच्या पायऱ्यांशी आली नाही.
वचन पाळल्याचा केवढा अभिमान होता मला,
पुस्तकातल्या पोरीला आहे तेवढाच.

काल पावणेदहाला एक मुलगी आली, बारावीतली असावी,
वडिलांच्या गोळ्या घ्यायला.
माझ्या हातातलं कॅलेंडर सरकलं.
“काका, हे वाचताय? शेवटी कुत्रा मरतो.”
आणि माझंच पेन ओढून
गोळ्यांच्या पाकिटावर लिहून घेतलं:
डोस, सकाळी अर्धी, रात्री एक.

‘ड’चं पोट.

काही बोललो नाही.
सुटे पैसे दिले. पावती हवी का, विचारलं.
नको म्हणाली, स्कूटर काढली
आणि पुलाकडे वळली.

तेव्हापासून जीव मुठीत धरून वाचतोय.
कुत्र्याला रस्ता ओलांडू देत नाही,
अनोळखी माणसाचं बिस्कीट हुंगू देत नाही,
ओळीमागून ओळ त्याच्या पट्ट्याला धरून.
त्याचं मरण थाप आहे, हे मला माहीत आहे.
माहीत आहे ना?

साठ पानं उरलीत.
मुलगी अजून स्वयंपाकघराच्या दारात,
तोंड उघडते, मिटते,
आईचा तांदूळ धुऊन झालाय.
पेन्सिल माझ्या कानावर.
मागे उलटून पाहिलं,
यातलं पान चौतीस
अजून कोरं आहे.