मधला वेळ

निरोपाच्या भाषणांत आज दोन बायका होत्या.
एक वकील संघाची: निर्भीड, कणखर, घटनेची राखणदार.
दुसरी मागच्या बाकांवर कुजबुजणाऱ्यांची:
सरकारला नको तेव्हा हमखास आजारी पडणारी.
दोघींचंही नाव न्यायमूर्ती सेबोलेलो फाकिसी.
खुर्चीत बसलेली तिसरी
गुडघ्यांवरची घोंगडी सारखी करत
केक कापायची सुरी शोधत होती.

एका पोरसवदा वार्ताहराने मला जिन्यात गाठलं.
"बावीस वर्षं तुम्ही तिच्या शेजारी उभे.
सांगा ना, कुणाची होती ती?"

मी कोर्टाचा दुभाष्या.
लोक सेसोथोत रडायचे,
मी ते इंग्रजीत कोरडं करून द्यायचो.
तिला सेसोथो माझ्याइतकंच कळे,
थोडं जास्तच, जन्म मालुतीच्या डोंगरातला.
तरी माझं इंग्रजी येईपर्यंत ती थांबायची,
कारण कळायला हवं होतं ते नोंदवहीला.
साक्षीदाराचं वाक्य संपायचं, माझं सुरू व्हायचं,
मधे दोन श्वास.
तेवढा वेळ ती न्यायमूर्ती नसायची.
तेवढ्या वेळाचा मी एकटा साक्षीदार.

रणगाडे पोस्टापर्यंत आले त्या हिवाळ्यात
संपादक राम्पाईला बराकीत नेलं होतं.
रात्री अकराला त्याची बायको हिच्या फाटकाशी.
निबंधक सापडेना, म्हणून शिक्का घेऊन मी.
वीज गेलेली. स्वयंपाकघरातलं टेबल, मेणबत्ती,
नातवाच्या वहीतून फाडलेलं पान:
सूर्य उगवायच्या आत याला माझ्यापुढे उभा करा. जिवंत.
हा शब्द कायद्याच्या कुठल्याच नमुन्यात नाही.
तिने तो दोनदा लिहिला.
सकाळी तो आला. एका पायात बूट.

आणि तीच बाई, नऊ वर्षांनी.
धरणाने गिळलेल्या खोऱ्यातल्या म्हाताऱ्या समोर,
पैसे नकोत म्हणत होत्या,
पाण्याखालच्या कबरींतली आमची माणसं वर काढून द्या.
अर्ज त्रेचाळीस दिवस उशिरा.
मुदतबाह्य.
याला आमच्याकडे शब्द नाही.
मी सांगितलं, तुमचा मोलातो कुजला.
मोलातो म्हणजे ऋण. मोलातो म्हणजे गुन्हासुद्धा.
आम्ही दोन्ही एकाच गाठोड्यात बांधतो.
मामोइपोने काठी टेकत उठली:
"मोलातो कुजत नसतो, पोरा.
एवढंही घरी शिकवलं नाही तुला?"
बोलली माझ्याशी,
बघत होती तिच्याकडे.

दोन श्वास.
पेन कागदावरून वर आलं, आणि तिथेच राहिलं.
मग माझं इंग्रजी पोचलं, इस्त्री केलेलं,
आणि पेन खाली टेकलं.
अर्ज फेटाळला.
त्याच महिन्यात तिला वरची खुर्ची मिळाली.
या दोहोंत धागा आहे का, मी पुष्कळ चाचपलं.
सापडला म्हणवत नाही.
नाही असंही म्हणवत नाही.

वार्ताहर पेन उघडून उभाच.
मी म्हणालो, जिवंत माणसांची होती. मेलेल्यांची नाही.
त्याने घाईने टिपून घेतलं, खूश झाला.
दोन पायऱ्या उतरल्यावर वाटलं,
हीसुद्धा माझी इस्त्रीच.

संध्याकाळी काळा झगा कारकुनाच्या हातावर टाकून
ती घोंगडी पांघरून गाडीपाशी आली.
दार उघडलं. बसली नाही.
हलक्या आवाजात, सेसोथोत:
"यंदा दुष्काळ.
त्या खोऱ्यातलं पाणी किती उतरलंय?
दगड दिसतात का?"

सवयीने माझं तोंड इंग्रजीसाठी उघडलं.
नोंद घ्यायला कुणी नव्हतं.
ती थांबली होती,
बावीस वर्षं थांबायची तशी.